ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुरकुरतोय : दुरुस्त करू की गाडीच बदलू?

ओंजळ
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी) आहे, हे मलाही परवाच कळलं. १ लाख ३० हजार किमी झालेत. इंजिन ठणठणीत, गंज नाही, एसी उत्तम. पण काही महिन्यांपासून गिअरबॉक्सचं बिनसलंय. सकाळी गार असताना एकदम शहाण्यासारखा वागतो. तासभर चालवली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आधी आरपीएम उगाच वर चढतो आणि मग दणका बसतो. साठ-सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवला की खालून थरथर जाणवते, दोन-तीन सेकंद, मग थांबते. रिव्हर्समधून डीमध्ये टाकलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग खाडकन लागतो.

एका वर्कशॉपने स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल." खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो काढून टाक, सासरे म्हणतात चालतेय तोवर चालव. मी मधल्यामध्ये. तुम्ही काय कराल? आणि निर्णय होईपर्यंत चालवावी का?

तिरकस
डाव्या पायाला आयतं बसवलं की त्याची किंमत कधीतरी वसूल होतेच. (ह. घ्या.)

निवांत
वाचतोय. आमचीही साधारण याच वयाची आहे, त्यामुळे पोटात गोळा आलाय.

नटबोल्ट
ओंजळताई, "गिअरबॉक्स गेला" यावर लगेच विश्वास ठेवू नका. गिअरबॉक्समधलं *काय* गेलं ते विचारा. दोन मिनिटांत स्कॅनरवर जे दिसतं तो बहुतेकदा पी०७०० हा बिघाडाचा कोड असतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने इंजिनच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदवली आहे. खरी तक्रार काय ते वाचायला गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेगळा उघडावा लागतो. तिथे पी०७४१ असेल तर रोख टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचकडे, म्हणजे वेग धरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचकडे जातो. पी०७३० असेल तर कंट्रोलरला अपेक्षित गिअर रेशो मिळत नाहीये, म्हणजे कुठेतरी घसरतंय. पी०७१५ निघाला तर इनपुट शाफ्टच्या स्पीड सेन्सरचं किंवा त्याच्या वायरिंगचं दुखणं असू शकतं, आणि ते त्या मानाने किरकोळ. कोड लेखी मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा.

एक चाचणी तुम्हाला स्वतःला करता येईल. मोकळा सरळ रस्ता बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा. थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला डाव्या पायाने नुसता स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच लागला की बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतं. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉकअपवर आणि ऑईलवर. नाही थांबली तर इंजिनचा मिसफायर, प्लग, कॉइल हेसुद्धा बघा. मिसफायरची थरथर आणि लॉकअपची थरथर यात भलेभले फसतात.

तिसरं: ऑईल कधी बदललंय?

ओंजळ
नटबोल्टराव, धन्यवाद! ऑईल कधीच बदललेलं नाही. पुस्तिकेत 'आयुष्यभरासाठी' असं लिहिलंय, म्हणून सर्व्हिसवाल्यांनीही कधी विषय काढला नाही.

तिरकस
कोणाच्या आयुष्यभरासाठी ते लिहिलंय का? :)

नटबोल्ट
तिरकसने गमतीत विचारलंय, पण प्रश्न रास्त आहे. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षं, यात जे आधी येईल तेव्हा बदला म्हणते. मात्र तोच गिअरबॉक्स बसवलेल्या गाडीच्या पुस्तिकेत कधीकधी 'बदलायची गरज नाही' छापलेलं असतं. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकतो.

चाकोरी
थांबा, थांबा. १ लाख ३० हजार किमीला पहिल्यांदा ऑईल बदलायला सांगताय? माझ्या चुलतभावाने हेच केलं आणि महिन्याभरात गाडीने डी घेणंच सोडलं. जुन्या ऑईलमधल्या बारीक कचऱ्याच्या जोरावरच क्लच पकड धरून असतात. ताजं ऑईल गेलं की सगळं सुटतं. ताई, हात लावू नका. आहे तशी द्या आणि मोकळ्या व्हा.

रानफूल
चाकोरी, हे मी किमान पाच जणांकडून ऐकलंय, आणि प्रत्येकाचा चुलतभाऊच असतो.

नटबोल्ट
चाकोरींचं म्हणणं पूर्ण उडवून लावणार नाही. पण अशा गोष्टीतला क्रम बघा. गाडी घसरायला लागली *म्हणून* लोक ऑईल बदलायला जातात. क्लच प्लेट आधीच जळलेल्या असतात, त्या पुढच्या महिन्यात जाणारच असतात आणि नाव ऑईलचं होतं. शिवाय बदललं कसं, हेही महत्त्वाचं. मशीन लावून दाबाने फ्लश मारणं मलाही पटत नाही, विशेषतः कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सवर. साधं चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं भांडं) खोलून ऑईल काढायचं, फिल्टर बदलायचा, भरायचं. यात सगळं ऑईल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. काही दिवस चालवून हेच पुन्हा करतात. सावकाश होतं, पण दगाफटका कमी.

आणि चेंबर खोलल्यावर निदानही होतं. त्यात तळाशी चुंबक असतात. त्यावर राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारा लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चिमटीत धरता येतील असे धातूचे कण किंवा तुकडे असतील तर पुढे खर्च करू नका. चुंबकाला न चिकटणारा काळा चुरा चेंबरच्या तळाला साचला असेल आणि ऑईलला जळका वास असेल, तर ते क्लचचं अस्तर. तेव्हाही ओव्हरहॉलचीच, म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खोलून झिजलेले भाग बदलण्याची भाषा बोलावी लागते. ताई, चेंबर तुमच्यासमोर खोलायला लावा. फोटोवर भागवू नका, फोटो कोणाच्याही गाडीचा दाखवता येतो.

निवांत
वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : नुसती डिपस्टिक बघून कळत नाही का? लाल म्हणजे चांगलं, काळं म्हणजे वाईट?

नटबोल्ट
डिपस्टिक असेल तर बघा, पण बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना ती नसतेच. तिथे गाडी सपाटीवर उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑईलचं तापमान ठरावीक टप्प्यात असताना (बऱ्याचदा ३५ ते ५० अंशांच्या आसपास, नेमकं गाडीगणिक वेगळं) लेव्हलचा प्लग उघडायचा. ऑईलची बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. गार असताना भरलं तर गरम झाल्यावर जास्त होतं, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. कमी असेल तर पंप हवा ओढतो, परिणाम तोच. ताईंचा 'डी उशिरा लागणे' हा प्रकार नुसत्या कमी ऑईलमुळेही होऊ शकतो.

रंगावर फार भिस्त ठेवू नका. काही ऑईल चांगलं असतानाच गडद होतं, काही मुळात लाल नसतंच. वास जास्त खरं बोलतो. गुलाबी, दुधट दिसलं तर मात्र गाडी जागेवर बंद करा. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलेलं असतं, आणि क्लचचं अस्तर पाण्याने सुटतं.

डीसीटीग्रस्त
नावावरून कळलं असेलच. माझं वेगळं दुखणं. ड्युअल क्लच (डीसीटी), त्यातही कोरडा क्लच. पहिल्या-दुसऱ्यात मुंगीच्या पावलाने चालवत राहिलं की क्लच तापतो, थरथरतो आणि शेवटी डॅशबोर्डवर इशारा येतो. ऑटोमॅटिक म्हणून सर्रास एकच शब्द वापरतो आपण, पण टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी (पट्टा-पुलीवाला), डीसीटी आणि एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच-गिअर आपोआप हलवणारा) ही चार निराळी यंत्रं आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मला पुढच्या गाडीपासून हात-दोन हात अंतर ठेवून मगच सुटायची सवय लागली, सरपटत राहणं बंद केलं, तेव्हा त्रास पुष्कळ कमी झाला.

रानफूल
डीसीटीग्रस्त यांना +१, 'एकाचं औषध' यासाठी तर दोनदा. आमची सीव्हीटी. आधीच्या मालकाने कुठूनतरी ऑईल बदलून घेतलं होतं आणि तिथे साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑईल भरलं गेलं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींच्या मधे आवळून धरलेला असतो, त्याला घसरू न देणारं वेगळं ऑईल लागतं. पट्टा घसरला, पुलींवर चरे पडले, वेग धरला की खालून बारीक शिट्टी. तिथे दुरुस्ती वगैरे काही उरली नव्हती, अख्खा गिअरबॉक्स गेला. तेव्हा ओंजळ, ऑईल बदलाल तेव्हा डब्यावरचा ग्रेड स्वतः वाचा. 'सगळ्यांना चालतं' असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

आजोबा_ऑनलाइन
चर्चा छान रंगली आहे. थोडं अवांतर करतो, म्हाताऱ्याला माफ करा. पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. १९३९ मध्ये आला, १९४० च्या ओल्ड्समोबाईल मॉडेलवर. त्यात आजच्यासारखा टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, साधं फ्लुइड कपलिंग होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट रणगाड्यातही हायड्रामॅटिक बसवला होता. आणि रानफूल यांच्या पट्ट्याचा पूर्वज डच डाफ कंपनीचा व्हेरिओमॅटिक, १९५८ साली डाफ ६०० मध्ये. तेव्हा पट्टे रबराचे होते. त्या गाडीला रिव्हर्ससाठी वेगळा रेशो नव्हता, त्यामुळे ती पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जात असे. हॉलंडमध्ये उलट्या गाड्यांच्या शर्यती लावत असत लोक!

तिरकस
आजोबा, दंडवत. आता ओंजळताईंचा डी लागत नसेल तर तिसरा पर्याय सापडला.

हिशेबी
यंत्राचं नटबोल्ट बघताहेत, मी पैशांचं बोलतो.

"दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, म्हणून विका" हा नियम सगळे सांगतात. मला तो कधीच पटला नाही. गाडीची बाजारातली किंमत विकणाऱ्याच्या कामाची. ताईंना लागतं ते फिरण्याचं साधन. मग तुलना अशी करा : दुरुस्तीचा खर्च अधिक पुढच्या तीन वर्षांचे संभाव्य खर्च (टायर, सस्पेन्शन, बॅटरी, जे जे वयानुसार येणार आहे ते) एकीकडे, आणि दुसरीकडे बदली गाडीची किंमत वजा नादुरुस्त गाडीचे येणारे पैसे, अधिक नोंदणी, विमा आणि कर्जाचं व्याज. दोन्ही आकडे तीन वर्षांनी भागा. बहुतेक वेळा दुरुस्ती स्वस्त पडते आणि माणूस चकित होतो.

पण एक अट. बाकी गाडी खरंच ठणठणीत हवी. गंज, इंजिन ऑईल पिणं, हेड गॅस्केट, कुजलेलं वायरिंग यातलं काही असेल तर गिअरबॉक्सवर घातलेले पैसे पाण्यात. दुरुस्तीच्या आधी दुसऱ्या कुणाकडून पूर्ण गाडी तपासून घ्या.

आणि याआधी तिच्यावर काय काय खर्च केलाय ते विसरा. "गेल्याच वर्षी चार टायर टाकले" हे कारण मोजू नका.

चाकोरी
हिशेबी, कागदावर सगळं बरोबर. पण तुमच्या गणितात धास्ती कुठे आहे? मी अशीच गाडी दुरुस्त करून दीड वर्ष वापरली. काहीही झालं नाही. पण रात्री घाट चढताना, प्रत्येक गिअर बदलताना कान त्या आवाजाकडे. बायको म्हणाली, गाडीत बसलास की गप्प होतोस. शेवटी विकली. नव्या गाडीचा हप्ता जातो, पण लांबच्या प्रवासाला निघताना मन शांत असतं. त्याचीही काही किंमत आहे की नाही?

हिशेबी
आहे, मान्य. फक्त हप्त्याच्या आकड्याशेजारी ती लिहून ठेवा म्हणजे झालं.

चलाख
एवढं कशाला? बॅटरीची वायर काढा, कोड पुसले जातात, गिअरबॉक्सही काही दिवस नरम चालतो. सकाळी गार असताना दाखवा, विका. घेणाऱ्याने बघून घ्यावं.

रानफूल
आमच्या गाडीचा आधीचा मालक सापडला बहुतेक.

डीसीटीग्रस्त
चलाख, दोष लपवून विकलेली गाडी परत दारात येते, कधी वकिलासकट. आणि कोड पुसल्यावर गाडीच्या कंट्रोलरच्या स्वयंचाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही अंतर जावं लागतं. जाणकार माणूस स्कॅनर लावून तेवढंच बघतो. चाचण्या अपुऱ्या दिसल्या की तो ओळखतो, काल पुसलंय.

संचालक
दोष सांगूनच विकावी, या विषयावर इथे वाद नको. वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. पुढे चला.

सांजवात
ओंजळ, दुसऱ्या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही, तोवर चालवावी का. माझं मत, लांबचा रस्ता आणि ओव्हरटेक पूर्ण बंद. माझ्या गाडीने ऐन ओव्हरटेक करताना लिम्प मोड (बिघाड दिसला की कंट्रोलर घेतो ती बचावाची अवस्था) घेतला. तिसऱ्या गिअरवर अडकली ती अडकलीच, समोरून ट्रक. कशीबशी मागे घेतली. थरथर सोसता येते, पण जो गिअर हवा तेव्हा मिळेल याची खात्री नसलेली गाडी दुसऱ्यांच्याही जिवाशी खेळते.

नटबोल्ट
सांजवात यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात भर : घसरत असलेला क्लच प्रत्येक घसरणीला थोडा जळतो. आज व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑईलचा दाब वाटून गिअर बदलणारा भाग) भागणारं काम दोन महिन्यांनी ओव्हरहॉलवर जातं.

ओंजळ
सगळ्यांचे आभार, आता ताजी खबर. ब्रेकची चाचणी केली. पेडलला पाय लागताच थरथर बंद! तीन-चारदा करून पाहिलं, दर वेळी तेच.

मग फक्त गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या एका माणसाकडे नेली. पी०७४१ निघाला, सोबत दुसऱ्या-तिसऱ्याच्या बदलाबद्दलचा एक कोड. ऑईल कमी होतं, कूलरच्या पाइपच्या जोडावर ओलावा होता. चेंबर माझ्यासमोर उघडला. ऑईल गडद, पण जळका वास नाही. चुंबकावर राखाडी लेप, मी बोटाने पुसून पाहिला, कण लागले नाहीत. तळाला चुरा नाही. त्याचं म्हणणं : गळती, ऑईल आणि फिल्टर आधी करू, थोडं चालवू. मग दणका राहिलाच तर व्हॉल्व्ह बॉडी. सगळं धरूनही पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतंय. तो म्हणाला, "लॉकअपची थरथर जाईल असं वाटतं, पण शब्द देत नाही." हे वाक्य ऐकून मला त्याच्यावर विश्वास बसला.

तिरकस
शब्द न देणारा मेकॅनिक? ताई, त्याला हातचा जाऊ देऊ नका.

चाकोरी
मी माझं मत मागे घेत नाही, पण चुंबक स्वच्छ असेल तर मीही दुरुस्तीच केली असती. फक्त मर्यादा आधी ठरवा. एवढा खर्च झाला आणि तरी दणका असेल तर विकायची. नाहीतर 'आता एवढं केलंच आहे तर' म्हणत म्हणत माणूस अख्ख्या गिअरबॉक्सचे पैसे हप्त्याहप्त्याने भरतो.

हिशेबी
चाकोरी, हे मात्र लाख बोललात.

ओंजळ
मर्यादा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली आहे, दोन्ही पक्षांच्या सह्यांसकट. पाइप, ऑईल आणि फिल्टर झालं. थरथर बरीच कमी आहे, गेली असं म्हणणार नाही. दणका आहे, डी आता लगेच लागतो. व्हॉल्व्ह बॉडीचं काम पुढच्या आठवड्यात. बिलावर काय लिहून घेऊ?

नटबोल्ट
डी लगेच लागायला लागला म्हणजे लेव्हलचाच तो भाग होता. आता, व्हॉल्व्ह बॉडी नवी, दुरुस्त केलेली की दुसऱ्या गाडीतून काढलेली, ते लिहून घ्या. भागाचा क्रमांक लिहून घ्या, कारण दिसायला सारख्या गिअरबॉक्सचे उपप्रकार असतात. ऑईलचा ग्रेड आणि किती लिटर गेलं तेही. वॉरंटी महिन्यांत आणि किमीत दोन्ही, आणि त्यात मजुरी धरली आहे का, हे स्पष्ट हवं. नुसत्या सुट्या भागाच्या वॉरंटीला फारसा अर्थ नाही, गिअरबॉक्सच्या कामात पैसा खोलण्या-बसवण्यात जातो.

बसवल्यावर अडॅप्टेशन करून द्यायला सांगा. जुन्या झिजेला जुळवून घेतलेले दाब कंट्रोलरच्या स्मृतीत असतात, ते पुसून नव्याने शिकवावे लागतात. पहिले काही दिवस ॲक्सिलरेटर हलका, मधला, असा बदलत चालवा. या काळात एखादा ओबडधोबड बदल झाला तर लगेच घाबरू नका. आणि निघण्याआधी बॅटरी तपासून घ्या. चालू करताना व्होल्टेज फार पडलं की कंट्रोलर भलतेच कोड टाकतो.

निवांत
माझी गाडी आज सकाळी जागची हलेना. डी, आर काहीच नाही. इंजिन चालू होतंय. शेजारी दोर बांधून ओढून देतो म्हणतोय. न्यूट्रलमध्ये टाकून न्यायला हरकत नाही ना?

नटबोल्ट
अजिबात नको! गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद ठेवून चालकचाकं रस्त्यावर फिरली की आतले भाग ऑईलशिवाय फिरतात, आणि तुमच्या बाबतीत पंपच गेला असेल तर इंजिन चालू ठेवूनही उपयोग नाही. काही पुस्तिकांत थोड्या अंतराची, कमी वेगाची सूट असते, पण तुमच्यात काय मोडलंय ते माहीत नसताना ती घेऊ नका. सपाट ट्रकवर चढवून न्या. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वर. आणि आधी खाली वाकून बघा, ऑईल सांडलंय का.

निवांत
सांडलंय. लाल. बरंच आहे. ट्रक बोलावतो.